तानाबाईचं एकशे एकोणिसावं मरण

तानाबाई थूल आजवर एकशे अठरा बायकांचं मरण मेली होती. त्यातल्या ब्याण्णव नाटकातल्या, सव्वीस पडद्यावरच्या. नाटकात ती बोलून मरायची. पडद्यावर तिला नुसतंच मारायचे. सगळा राग इथून सुरू होतो.

तिचा बाप जलशात पेटी वाजवायचा. सत्तावन्न साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या दुसऱ्याच वर्षी, त्याने नऊ वर्षांच्या तानाला ज्वारीच्या पोत्यावर उभं केलं आणि सांगितलं, "शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याले ऐकू गेलं पायजे. पुढच्यायचं मी पाहून घेतो." माइक नव्हता. शेवटच्या रांगेत एक म्हातारा होता, तो बहिरा होता. त्यालाही ऐकू गेलं. पुढे पन्नास वर्षं हा तिचा हिशेब कायम राहिला: आवाज गेला पाहिजे, आणि म्हाताऱ्यापर्यंत गेला पाहिजे.

जलशातून ती नाटक कंपनीत गेली. नायिका झाली, मग नायिकेची आई झाली, मग सासू झाली. नवऱ्याने एकदाच विचारलं, घर पाहिजे की नाटक, आणि उत्तर ऐकायला तो थांबला नाही. समुद्रपूरच्या मैदानात एका प्रवेशात तिने "थांब" म्हटलं तेव्हा स्टँडवरून सुटलेली हिंगणघाट गाडी थांबली, असं लोक सांगतात. तो ड्रायव्हर अजून आहे. तो म्हणतो, टायर पंक्चर झाला होता. पण त्याला कोणी विचारत नाही.

आता इथली एक पद्धत सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. आपल्याकडे नाटकात काम आवडलं तर माणूस शेवटची वाट पाहत नाही. प्रवेश चालू असतानाच उठतो, स्टेजवर जातो, हातात अकरा रुपये नाहीतर नारळ नाहीतर शेतातलं जे असेल ते देतो, आणि नटाच्या कानात आपलं नाव सांगतो. मग नटाने रडणं थांबवायचं, नाव, गाव, वस्तू जाहीर करायची, "मंडळ आपलं आभारी आहे" म्हणायचं, आणि जिथं रडणं सोडलं होतं तिथून पुन्हा धरायचं. मेलेल्या माणसाला बक्षीस आलं तर मेलेला उठतो. त्यात कोणाला काही वाटत नाही. एकदा तानाबाईने विष घेतलं आणि मरेपर्यंत मध्ये सतरा नावं वाचली. ते विष चाळीस मिनिटं चाललं.

नाव गाळणं मात्र चालत नाही. केळझरला एकाची लौकी, म्हणजे दुधी भोपळा, जाहीर करायची राहिली. ज्या दोन बंड्यांवर स्टेज बांधलं होतं त्यातली एक त्याची होती. त्याने शांतपणे बैल जुंपले आणि बंडी घेऊन गेला. तिच्यावर दुसऱ्या अंकाचा अर्धा राजवाडा होता.

पडद्यावर तानाबाई एक्केचाळिसाव्या वर्षी गेली. मुंबईच्या लोकांनी तिला पहिल्या सिनेमात चादरीखाली झोपवलं. "तुमचं स्थिर राहणं फार छान आहे," दिग्दर्शक म्हणाला. ही कीर्ती पसरली. कुठेही म्हातारी मेली की तानाबाईला फोन. एका मालिकेत ती चाळीस भाग बेशुद्ध होती. दुसऱ्या मालिकेत तर तिला अकरा महिने हार घालून भिंतीवर टांगलं होतं. शूटिंग एक दिवसाचं, फोटो काढण्याचं. त्या काळात पुलगावच्या बाजारात बाया तिला थांबवून विचारायच्या, "आता बरं हाय का व?"

चौतीस वर्षं पडद्यावर आणि एक शब्द नाही. पंच्याहत्तराव्या वर्षी तिच्याकडे धनंजय आला.

धनंजय दिग्दर्शक होता. त्याला नाचणगावात सिनेमा करायचा होता, कारण त्याला नाचणगाव "न बोलणारं गाव" वाटलं. तो दुपारी दोन वाजता आला होता. मे महिन्यात दोन वाजता कुत्रंही बोलत नाही. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत तानाबाईच्या ओसरीवर बसून त्याने तिला कागद दिला.

"आज्जी, तुमचा रोल छोटा आहे. पण एक पान डायलॉग आहे."

तानाबाईने कागद उलटा करून पाहिला, मागेही तिचंच नाव आहे का म्हणून. मग शेजारी बसलेल्या अण्णाजींकडे दिला.

अण्णाजी कंपनीचे प्रॉम्प्टर. चाळीस वर्षं ते स्टेजपुढच्या खड्ड्यात वही घेऊन बसले आणि नटांना पुढची वाक्यं कुजबुजत राहिले. आता वय ऐंशी, खड्डा सुटला, कुजबुज राहिली. घरी चहासुद्धा ते कुजबुजूनच मागतात. तीन घरांना ऐकू जातं.

त्यांनी पान वाचलं आणि कुजबुजले, "बाई, चांगलं हाय."

मरणारी सासू सुनेशी बोलते, एवढंच होतं. तीस वर्षं सुनेचा डोळा सासूच्या पेटीवर, आणि सासू किल्ली कमरेला लावून फिरते. मरताना ती सांगते: किल्ली शोधू नको. पेटी उघडीच हाय. कुलूप नुसतं लटकून हाय, तीस वर्षांपासून. तू एकदा हात लावून पाह्यला असता तं कळलं असतं. तू मागत राह्यली अन् मी नाई म्हनत राह्यली, अन् तेवढंच आपल्या दोघींचं बोलनं झालं.

तानाबाईने तीन दिवस कोणाशी भांडण केलं नाही. गल्लीला काळजी वाटली.

शूटिंगच्या दिवशी माधवी नावाची मुलगी आली. ती बोलीभाषा सल्लागार होती. तिच्याकडे फाइल होती आणि फाइलीत वऱ्हाडी होती. तानाबाईने पान म्हणून दाखवलं. माधवीने डोळे मिटून ऐकलं.

"छान. पण थोडं शहरी वाटतंय, आजी. अजून गावरान करता येईल?"

"मी गावातच हाओ ना बाई," तानाबाई म्हणाली. "अजून कुठं जाऊ? वावरात?"

"म्हणजे, थोडं भोगलेलं पाहिजे."

"सत्तर वर्षं भोगलं त्याचा आवाज हा असा हाय. तुह्या फाइलीत काऊन येगळा हाय ते तू पाह्य."

माधवीने फाइलीत काहीतरी लिहिलं. हा साधा राग होता. तानाबाईचा राग दोन प्रकारचा. साधा राग वऱ्हाडीत येतो, तो रोजचा, त्याने कोणाचं काही जात नाही. मोठा राग कंपनीच्या नाटकी भाषेत येतो, राजेराण्यांच्या. तानाबाई "आपण" आणि "आहात" म्हणू लागली की नाचणगावातले लोक खुर्ची मागे सरकवतात.

शूट तिच्याच घराच्या अंगणात होतं. बाजेवर तानाबाई, बाजेच्या कडेला सून झालेली मुंबईची नटी, समोर कॅमेरा, आणि दोरीच्या पलीकडे सगळं गाव. धनंजयने गावाला हात जोडून सांगितलं की आवाज करायचा नाही. तानाबाई मेल्यावर कॅमेरा अडीच मिनिटं तिच्या चेहऱ्यावर राहणार होता. अडीच मिनिटं नुसता चेहरा. धनंजयला हे फार महत्त्वाचं होतं.

तानाबाईने पान म्हटलं. दोन वाक्यांनंतर आवाजवाल्याने कानावरचे हेडफोन काढून गळ्यात घातले. त्याला त्यांची गरज उरली नव्हती. दोरीपलीकडे शेवटच्या रांगेत, लिंबाच्या पारावर, एक म्हातारा बसला होता. "कुलूप नुसतं लटकून हाय" आलं तेव्हा त्याने टोपी काढली. पान संपलं. तानाबाई मेली. कोणी हललं नाही.

बंडूजी सोडून.

बंडूजी भाजीपाल्याचे बागायतदार. नदीकाठी चार एकर वांगी, पुलगावच्या बाजारात त्यांचा ओटा. ते दोरीखालून वाकून आत आले, कॅमेऱ्याला आडवं जायचं नसतं एवढं त्यांना टीव्हीमुळे माहीत होतं म्हणून बाजेच्या मागून आले, पायथ्याशी पाच किलो वांग्यांची थैली ठेवली, आणि मेलेल्या तानाबाईच्या कानात आपलं नाव सांगितलं.

तानाबाईने डोळे उघडले. ओठ हलले. "नाचणगावचे प्रगतिशील बागायतदार बंडूजी यांच्याकडून पाच किलो वांगे. मंडळ आपलं आभारी आहे." डोळे मिटले. पुन्हा मेली. आधीपेक्षा बरी मेली.

गावाने टाळ्या वाजवल्या. मुंबईची नटी खरोखर रडायला लागली. धनंजय थैली ओलांडून बाजेपाशी आला. तो म्हणाला, "आज्जी, तुम्ही मेलेल्या होतात."

"हो ना. पण बक्षीस आलं."

"ते काय होतं?"

"वांगे."

पुन्हा घ्यायचं ठरलं, तर उजेड गेला. दुसऱ्या दिवशी नटीचं विमान होतं. धनंजयने सांगितलं, जे झालं त्यातून काढू, आवाज नंतर मुंबईला घेऊ, फोन करू. तानाबाईने चार पानी कागदावर सही केली. चौथं पान अण्णाजींनीही वाचलं नाही. त्यात संवाद नव्हते.

त्या दिवसापासून तानाबाईने आंबट सोडलं. सकाळी मिठाच्या गुळण्या, मग विहाराच्या मागे उभं राहून ते एक पान, रोज. गल्लीतली पोरं शाळेत पाठ म्हणायच्या ऐवजी "कुलूप नुसतं लटकून हाय" म्हणू लागली. अण्णाजी महिन्यातून एकदा मुंबईला फोन लावून कुजबुजायचे. तिकडून उत्तर यायचं, "प्रोसेस चालू आहे." काय म्हणाले विचारलं तर अण्णाजी सांगायचे, "चालू हाय."

बंडूजींचं वेगळंच चाललं होतं. आपण सिनेमात आहोत हे त्यांनी ओट्यावर गिऱ्हाइकाला वांग्याबरोबर सांगायला सुरुवात केली. समुद्रपूरच्या सासुरवाडीत तर त्यांनी असं सांगितलं की सिनेमा जवळजवळ त्यांच्यावरच आहे.

अकरा महिने गेले. फोन आला तो डबिंगचा नव्हता, सत्काराचा होता. कंपनी गावाला सिनेमा दाखवणार, तानाबाईला शाल देणार.

"अन् माह्या आवाजाचं?" तानाबाईने विचारलं.

"आज्जी, तुम्ही बघाच," धनंजय म्हणाला. "सरप्राइज आहे."

एप्रिलमधली दुपार, तीन वाजता. समाजभवनाच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून अंधार केला होता. पडदा, स्पीकर, कूलर मंडपवाल्या अंकितचे. पहिल्या रांगेत तानाबाई, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. शेजारी अण्णाजी. दुसऱ्या रांगेपासून पाचव्या रांगेपर्यंत बंडूजींची सासुरवाडी, एकतीस माणसं, समुद्रपूरहून बस बदलून आलेली. बंडूजींनी कोट घातला होता.

सिनेमा सुरू झाला. पहिला अर्धा तास कोणी काहीच बोलत नाही, त्यामुळे लोकांनी शेंगदाणे काढले. मग अंगण आलं. बाज आली. तानाबाई पडद्यावर आली, सहा फुटांचा चेहरा, ओठ उघडले.

आवाज दुसऱ्याच बाईचा होता.

पातळ, थरथरता, प्रत्येक शब्दाआधी श्वास घेणारा. "किल्ली... शोधू नको... पोरी..." शब्द तेच, पण असे, जणू कोणी पावसात भिजलेल्या मांजरीला वऱ्हाडी शिकवली आहे. तानाबाईच्या मांडीवरचा नारळ घरंगळून खाली गेला आणि कूलरपाशी थांबला. कोणी पाहिलं नाही.

मागून एका बाईने पुढे वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तानाबाई, आवाज काय मस्त बारीक केला व मशीनीनं."

तानाबाईने मान वळवली नाही. अण्णाजी कुजबुजले, "बाई, हा तुमचा नाई." तीन रांगांना ऐकू गेलं. तीन रांगांनी शेंगदाणे चावणं क्षणभर थांबवलं, पडद्याकडे पाहिलं, आणि पुन्हा सुरू केलं. तेवढ्यात कुलूप लटकल्याचं वाक्य येऊन गेलं. कोणाला कळलंही नाही.

पडद्यावर तानाबाई मेली. कॅमेरा चेहऱ्यावर राहिला. एक मिनिट झालं. आणि मग मेलेल्या बाईने डोळे उघडले, ओठ हलले.

बंडूजींना कडेने कापून धनंजयने तो तुकडा ठेवला होता. मुंबईत आवाज बंद करून पाहिल्यावर त्याला तो फार खोल वाटला होता. मेलेली बाई एकदाच डोळे उघडते, काहीतरी लांबलचक सांगते आणि मिटते. काय सांगते ते शोधायला तिघं बसले होते. शेवटी माधवीच्या फाइलीतून सापडलं. आता स्पीकरमधून तोच भिजलेला आवाज आला: "मातीनं... हाक मारली... मी मातीची होती... मातीतच येऊन राह्यली..."

समाजभवनात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"हे काय हाय," बंडूजी म्हणाले. ते उभे होते. पडद्याचा उजेड त्यांच्या कोटावर पडला होता. "माह्यं नाव कुठं गेलं?"

"बसा ना जी," कोणीतरी म्हणालं.

"काऊन बसू? मी तिथं होतो. अख्खं गाव होतं. बाईनं माह्यं नाव घेतलं. तोंड पाहा, आताही तेच म्हनून राह्यली ती. प्र-ग-ति-शील. दिसून राह्यलं का नाई?"

दिसत होतं. सगळ्यांनी पाहिलं. ओठ स्पष्ट "बागायतदार" म्हणत होते आणि स्पीकर माती म्हणत होता.

"मातीनं नाई दिले वांगे," बंडूजी म्हणाले. "मी दिले."

आणि मग ते झालं जे पाच मिनिटं आधी व्हायला पाहिजे होतं. सासुरवाडी उठली. एकतीस माणसं. मग गाव उठलं. दान केलेल्या माणसाचं नाव गाळलं, हे केळझरनंतर पहिल्यांदाच घडत होतं, आणि तेही तोंड तेच ठेवून. बंडूजींचा साळा प्रोजेक्टरकडे निघाला. अंकितने घाईघाईने सिनेमा थांबवला. पडद्यावर तानाबाई डोळे अर्धे मिटलेल्या अवस्थेत अडकली.

धनंजय पुढे आला. "हे बघा, आपण समजून घ्या, ती एक काव्यात्मक..."

"वांगे काव्यात्मक नव्हते," साळा म्हणाला. "पाच किलो होते."

तेव्हा तानाबाई उठली. तिने शाल खांद्यावरून काढली, घडी घातली, खुर्चीवर ठेवली. गावाकडे तोंड केलं. साळा होता तिथेच थांबला.

"माह्या तोंडात दुसऱ्या बाईचा आवाज घातला, तेव्हा तुम्ही शेंगदाणे खाऊन राह्यले होते," ती म्हणाली. सावकाश. "पन्नास वर्षं ऐकला ना हा आवाज? कोनाच्या लग्नात, कोनाच्या जयंतीत, कोनाच्या शेतात मांडव टाकून. एक जन उठला नाई. मशीनीनं मस्त बारीक झाला म्हने. अन् वांग्याचं नाव गेलं तं कोट घालून उठले."

बंडूजी खाली बसले.

मग ती धनंजयकडे वळली, आणि पहिल्या चार रांगांनी खुर्च्या मागे घेतल्या, कारण तिने विचारलं, "आपण हे कोणाच्या अनुमतीने केलेत?"

"आज्जी, तुम्ही सही केली होती. चौथ्या पानावर..."

"मी आपल्याला काय विचारते आहे?"

धनंजयने माधवीकडे पाहिलं. माधवीने फाइलीकडे पाहिलं.

"खरं सांगू का," धनंजय म्हणाला, "तुमचा आवाज फार मोठा आहे. आम्ही वीस लोकांना ऐकवून बघितलं. ते म्हणाले, ही मरत नाहीये. मरणारी बाई इतकं ठाम कसं बोलेल?"

"मरताना मनुष्य ठाम बोलणार नाही," तानाबाई म्हणाली, "तर केव्हा बोलणार?"

धनंजय खिशात चौथं पान शोधू लागला.

"चौतीस वर्षे आपण लोकांनी मला चादरीखाली ठेवले. भिंतीवर टांगले. मी निजले, मी टांगून घेतले. एक पान दिलेत. ते मी अकरा महिने पाठ केले. आपल्याला माझा चेहरा हवा होता, माझ्या सुरकुत्या हव्या होत्या, माझी बाज, माझे अंगण, माझे गाव. तेवढे घेऊन आत बोलायला दुसरी बसवलीत." ती थांबली. "तिचे नाव काय?"

"ज्योत्स्ना," माधवी म्हणाली. "ती छान मुलगी आहे. सत्तावीस वर्षांची."

तानाबाईने हे ऐकून घेतलं. मग तिची भाषा खाली उतरली. मोठा राग संपला म्हणून नव्हे. कामाला लागायचं होतं.

"अंकित. बाजेपासून लाव पुन्हा. अन् स्पीकरची वायर काढ."

"असं करता येणार नाही," धनंजय म्हणाला. "तांत्रिकदृष्ट्या..."

अंकितने वायर काढली. तिला एकच पिन होती. तो माइक घेऊन आला. तानाबाईने माइककडे असं पाहिलं की तो माइक घेऊन परत गेला.

ती पडद्याच्या कडेला उभी राहिली. अण्णाजींनी खुर्ची सोडली, गुडघे धरत धरत पुढे आले आणि तिच्या पायाशी, जमिनीवर, जिथे खड्डा असता तिथे बसले. वही नव्हती. हात मात्र वही धरल्यासारखे होते.

पडद्यावर सहा फुटांच्या चेहऱ्याचे ओठ उघडले आणि समाजभवनात तानाबाईचा आवाज आला.

"किल्ली शोधू नको."

कूलर चालू होता. तो ऐकू येईनासा झाला. ताडपत्रीच्या बाहेर कोणीतरी मोटरसायकल उभी केली आणि बंद केली. ओठांच्या एक कणही पुढे नाही, एक कणही मागे नाही. अकरा महिने रोज सकाळी तिने तेच तर केलं होतं. एकदा ती अडखळली. "तू मागत राह्यली अन्" नंतर. आवाज तिथे अडला, ओठ पुढे जाऊ लागले. पायाशी अण्णाजी कुजबुजले, "मी नाई म्हनत राह्यली," आणि तिने ते उचललं, आणि कोणाला वाटलं ती अडखळली, कोणाला वाटलं सासूच अडखळली. पहिल्यांदा पेटीचं कुलूप खरोखर लटकताना दिसलं. मघाची खांद्यावर हात ठेवणारी बाई मुठीतले शेंगदाणे तसेच धरून बसली होती.

पान संपलं. पडद्यावर तानाबाई मेली. पडद्याशेजारी तानाबाईने डोळे मिटले.

एक मिनिट. बंडूजी खुर्चीच्या अगदी टोकावर आले होते. समुद्रपूरची एकतीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. वेळ जवळ येत होती आणि ती नाव घेईल का नाही, हे कोणालाच माहीत नव्हतं. मघाशी ती जे बोलली, त्यानंतर घ्यायचं काही कारण नव्हतं. बंडूजींनी स्वतःही ते मान्य केलं असावं, कारण त्यांनी कोटाचं वरचं बटण काढलं.

पडद्यावर डोळे उघडले. ओठ हलले.

"नाचणगावचे प्रगतिशील बागायतदार बंडूजी यांच्याकडून पाच किलो वांगे," तानाबाई म्हणाली, पूर्ण आवाजात, एकही अक्षर न गाळता. "मंडळ आपलं आभारी आहे."

ओठांनी जे म्हटलं होतं ते तिने म्हटलं. डोळे मिटले, पडद्यावरचे आणि बाहेरचे.

बंडूजी उठले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्याजवळ या वेळी वांगी नव्हती, म्हणून त्यांनी साळ्याच्या हातातली पिशवी घेतली, तिच्यात काय आहे हे न पाहता, आणि वाकून पडद्याच्या कडेला आले, नाव सांगायला कानाशी तोंड नेलं.

तानाबाईने डोळे उघडले नाहीत.

"बसून घ्या, बंडूजी," ती म्हणाली. "मी मेली आहो."

बंडूजी तिथेच, अण्णाजींच्या शेजारी, खाली बसले. पिशवी मांडीवर. धनंजयने हात वर केला, त्याला काहीतरी सांगायचं होतं, बहुधा आनंद झाला होता, बहुधा हेही चित्रित करून घ्यावं असं त्याच्या मनात आलं होतं. अण्णाजी त्याच्याकडे पाहून कुजबुजले, "मधात बोलू नका." भिंतीपर्यंत ऐकू गेलं. धनंजयचा हात खाली आला.

कॅमेरा अजून चेहऱ्यावर होता. धनंजयला फार महत्त्वाचं वाटलेलं ते उरलेलं मिनिट त्याने पूर्ण पाहिलं, समाजभवनासोबत, उभ्याने.

मग पडद्यावर सुनेचा चेहरा आला. तानाबाईने डोळे उघडले, खाली वाकली, कूलरपाशी गेलेला नारळ उचलला आणि आपल्या खुर्चीकडे निघाली.

"लाव वायर," ती अंकितला म्हणाली. "माह्यं झालं."

अंकितने पिन लावली. स्पीकर खरखरले आणि सुनेचं रडणं सुरू झालं. ते रडणं तिच्या स्वतःच्या आवाजातलं होतं. ती मुंबईची होती.